महायंत्राची रोजकीर्द

जहाजावरील नोंदवहीला इंग्रजींत 'लॉग' हें नांव कसें पडलें, ही गोष्ट मोठी गमतीची आहे. लॉग म्हणजे लांकडाचा ओंडका. जुन्या काळीं गलबताचा वेग मोजावयाचा झाला म्हणजे खलाशी दोरीला बांधलेलें लांकूड समुद्रांत टाकीत, आणि ठराविक वेळांत दोरीच्या किती गांठी हातांतून सुटल्या हें मोजीत. ती संख्या ज्या वहींत टिपावयाची ती ओंडक्याची वही. पुढें वारा, दिशा, आजारी खलाशी, फुटलेलें शीड असें सारेंच तिच्यांत येऊं लागलें. ओंडका गेला, वही राहिली, आणि विसाव्या शतकांत तेंच नांव संगणकयंत्रानें उचललें. आज मला जी हकीकत सांगावयाची आहे ती ह्या वहीची. ज्याला मेनफ्रेम म्हणतात त्या महायंत्राची रोजकीर्द कशी जन्मली, तिला कोणकोणते रोग जडले, आणि वैद्यांनीं त्यांचीं निदानें कशीं केलीं, एवढाच माझा विषय आहे.

बँकेंतील ठेवी, विम्याचे हप्ते, विमानांतील जागा, सरकारी करांचे हिशेब ह्यांचा फार मोठा भाग गेल्या साठ वर्षांत ह्या महायंत्रांच्या पोटांत गेला. त्यांतील एखादा आंकडा चुकला किंवा यंत्र मध्यरात्रीं अचानक थांबलें, तर दुरुस्ती करणाऱ्यास विचारावयाला साक्षीदार बहुधा एकच उरतो. तो म्हणजे यंत्रानें स्वतः लिहिलेली रोजकीर्द. आणि दुर्दैव असें कीं, ज्या वेळीं यंत्र बिघडतें नेमक्या त्याच वेळीं ही रोजकीर्द बिघडण्याचा संभव अधिक. गांवांत दरोडा पडावा आणि त्याच रात्रीं पाटील परगांवीं गेलेला असावा, तसा हा प्रकार.

आरंभीं ही वही माणसेंच लिहीत. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू ह्या यंत्राच्या वहींत ९ सप्टेंबर १९४७ रोजीं दुपारीं पावणेचार वाजतां एक नोंद झाली. सत्तर नंबरच्या रिलेंत अडकलेला एक पतंग काढून तो पानावर चिकटविला होता, आणि खराखुरा किडा सांपडल्याचा हा पहिलाच प्रसंग, अशा अर्थाचा शेरा खालीं मारला होता. यंत्रांतील दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची चाल त्यापूर्वींची. एडिसनच्या १८७८ सालच्या एका पत्रांतही तो शब्द ह्या अर्थानें येतो. म्हणूनच तर त्या शेऱ्यांतील विनोदाला अर्थ आहे. ग्रेस हॉपर ह्या विदुषींच्या नांवावर ही गोष्ट सर्रास खपविली जाते. ती त्यांनीं लोकप्रिय केली हें खरें. पतंग सांपडला तो मात्र त्यांच्या सहकाऱ्यांना. तें पान स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत जपून ठेविलेलें आहे. इकडे इंग्लंडांत केंब्रिज येथील एडसॅक यंत्राच्या वहींत ६ मे १९४९ ची नोंद आहे. यंत्र प्रथमच चाललें, शून्यापासून नव्याण्णवपर्यंतच्या अंकांचे वर्ग छापले, आणि त्यास २ मिनिटें ३५ सेकंद लागलीं, एवढेंच तींत आहे. एका युगाचा आरंभ दोन ओळींत उरकला आहे, आणि तरीही त्यांत कांहीं कमी नाहीं.

माणूस लिहितां लिहितां दमतो, पण काय लिहावें आणि काय सोडावें ह्याचें तारतम्य त्याला असतें. यंत्र दमत नाहीं, पण तारतम्य त्याला नसतें. पुढील बराचसा इतिहास ह्या एका उणिवेचा आहे असें म्हटलें तरी चालेल.

आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें बांधलेलें टिफ्रॅक हें यंत्र १९६० सालीं मुंबईस कामाला लागलें, आणि १९६४ सालीं त्याच संस्थेंत सी. डी. सी. ३६०० हें अमेरिकन महायंत्र आलें. त्याच १९६४ सालच्या एप्रिल महिन्याच्या ७ तारखेस आय. बी. एम. कंपनीनें सिस्टिम ३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. आज चालूं असलेल्या मेनफ्रेमांचा हा मूळपुरुष. ह्या यंत्राबरोबर जो कारभारी आला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम ही कार्यक्रमांची जुळणी, त्यानें नोंदवही लिहिण्याचें काम माणसाच्या हातून काढून घेतलें. यंत्रापुढें १०५२ क्रमांकाचा एक टंकलेखक असे. चालकानें त्यावरून हुकूम द्यावयाचे आणि यंत्रानें त्याच कागदावर उत्तरें व संदेश उमटवावयाचे. प्रत्येक संदेशास एक खूण असे. पहिलीं अक्षरें बोलणारें खातें कोणतें तें सांगत, मधले आंकडे संदेशाचा क्रमांक देत, आणि शेवटचें अक्षर निकड दाखवी. ए असल्यास तत्काळ कृति करा, आय असल्यास केवळ माहिती. हें वळण इतकें सोयीचें ठरलें कीं तें आजतागायत मोडलेलें नाहीं. कागदाची ती लांबच लांब घडी हीच त्या दिवसाची रोजकीर्द.

आतां ह्या व्यवस्थेंतील मेख पाहा. तो टंकलेखक सेकंदास सुमारें पंधरा अक्षरें उमटवी. म्हणजे ऐंशी अक्षरांच्या एका ओळीस पांच सेकंदांहून अधिक वेळ. तेवढ्या अवधींत यंत्राचीं लाखों कामें उरकून जात. बोलणारा विजेच्या वेगाचा आणि लिहून घेणारा बैलगाडीच्या! म्हणून स्मृतींत संदेशांसाठीं ठराविक संख्येचे कप्पे राखून ठेवण्यांत आले. कार्यक्रमानें आपला संदेश कप्प्यांत टाकावा आणि पुढच्या कामास लागावें. टंकलेखक सावकाश एकेक उचलील. योजना चांगलीच होती. पण सगळे कप्पे भरले तर काय? तर ज्याला बोलावयाचें आहे त्यानें थांबावें, असा नियम होता.

हा नियम वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु थांबलेला कार्यक्रम रिकाम्या हातानें थांबत नाहीं. त्याच्या ताब्यांत एखादी फाइल असते, एखादें कुलूप असतें. त्या कुलपासाठीं दुसरा थांबतो, दुसऱ्यासाठीं तिसरा, आणि पाहतां पाहतां सारें यंत्र स्तब्ध होतें. गणित करणारा भाग धडधाकट, तबकड्या धडधाकट, कार्यक्रमांत चूक नाहीं. आणि तरीही पगाराचीं बिलें निघत नाहींत. कारण शोधतां शोधतां अभियंते थकतात, आणि अखेरीस कोणाला तरी कोपऱ्यांत दिसतें कीं टंकलेखकाचा कागद संपला आहे!

पुढें टंकलेखकाच्या जागीं पडदा आला. ३० जून १९७० रोजीं जाहीर झालेल्या सिस्टिम ३७० मालिकेंतील मॉडेल १६५ ह्या मोठ्या यंत्राचा कन्सोल पडद्याचाच होता. वेग वाढला, पण रोग गेला नाहीं. त्यानें फक्त वेष बदलला. पडदा भरला म्हणजे जुन्या ओळी चालकानें स्वतः पुसाव्या अशी एक रीत होती. चालक जेवावयास गेला कीं पडदा भरलेला, कप्पे भरत चाललेले. पुढील काळांत ह्या कप्प्यांची सामान्य मर्यादा १५०० ठरली. शेंकडा ऐंशी भरले म्हणजे कारभारी आय. ई. ए. ४०५ ह्या क्रमांकाचा इषारा देई, आणि पूर्ण भरले म्हणजे आय. ई. ए. ४०४ हा आक्रोश. जाणत्या चालकांना ह्या दोन क्रमांकांची ओळख पाढ्यांसारखी असे.

ह्या दुखण्याचें निदान करतांना नवशिका माणूस हटकून एक उपाय करतो. तो कप्प्यांची संख्या वाढवितो. पंधराशेंचे तीन हजार केले, काम भागलें. पण भागत नाहीं, केवळ अर्धा तास पुढें ढकललें जातें. खरा प्रश्न असा कीं कप्पे भरले कशामुळें? ऐकणारा बहिरा झाला, कीं बोलणाऱ्याला वात झाला? कोणत्या कन्सोलपुढें किती संदेश तुंबले आहेत हें दाखविण्याचा एक हुकूम आहे. एकाच कन्सोलपुढें ढीग असेल तर दोष त्या कन्सोलचा. त्याची रांग रिकामी करावी किंवा तो बाजूस काढावा. अशी तुंबलेली रांग कोठेंच नसेल, आणि एकच कार्यक्रम तोच संदेश हजारों वेळां ओरडत असेल, तर त्या कार्यक्रमाला आवरलें पाहिजे. तिसराही एक प्रकार आहे. कायमची प्रत जेथें लिहिली जाते तेंच ठिकाण बंद पडलेलें असतें. लक्षण तिन्हींचें एक, औषध तिन्हींना निराळें. २००० सालानंतरच्या दशकांत कन्सोलच्या व्यवस्थेची पुनर्रचना झाली आणि एका मंद पडद्यापायीं सारें यंत्र अडण्याचा प्रसंग विरळ झाला. म्हणजे ह्या एका दोषाचें मूळ उपटावयास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं.

कायमच्या प्रतीचा उल्लेख आतांच केला. पडद्यावरील ओळ पुसली कीं गेली. म्हणून पडद्याबरोबरच स्वतंत्र लेखी प्रतीची गरज उत्पन्न झाली. ओएस ३६० च्या काळांत ह्यासाठीं तबकडीवर दोन वह्या असत, सिस-व्ही-लॉग-एक्स आणि सिस-व्ही-लॉग-वाय. एक भरली कीं दुसरी उघडावयाची आणि भरलेली छापावयास धाडावयाची. १९७४ सालीं एम. व्ही. एस. ही नवी प्रणाली आली आणि ही रोजकीर्द स्पूल नांवाच्या सामाईक कोठारांत ठेवूं लागले. ह्या कोठारांत सर्व कामांचें छापावयाचें साहित्य सांठविलेलें असतें. जागेची सोय झाली, पण रोजकीर्द भाडेकरूंच्या चाळींत राहावयास आली! एखादा बिघडलेला कार्यक्रम अहोरात्र ओळीच ओळी ओकूं लागला कीं कोठार तुडुंब भरतें. मग रोजकीर्दीलाही पाय ठेवावयास जागा नाहीं. दुसऱ्या दिवशीं चौकशी करणारा वही उघडतो तों जेथून अनर्थाला आरंभ झाला तेथेंच वही संपलेली! रोज मध्यरात्रीं चालूं रोजकीर्द बंद करून नवी सुरू करावी, जुनी उचलून न्यावी, आणि किती ओळींनंतर ती आपोआप पालटावी ह्याची मर्यादा घालून द्यावी, ही शिस्त अशाच अनुभवांतून आली.

आतांपर्यंत सांगितली ती यंत्राची बोललेली रोजकीर्द. तिच्या जोडीला एक हिशेबाची वहीही आहे, आणि माझ्या मतें खरा पेंच तिच्यांत आहे. १९६९ सालीं ओएस ३६० च्या अठराव्या आवृत्तींत एस. एम. एफ. नांवाचें खातें उघडण्यांत आलें. कोणत्या कामानें किती वेळ यंत्र वापरलें, किती तबकड्या फिरविल्या, किती ओळी छापल्या, हें सारें त्यांत नोंदलें जाई. यंत्राचा वेळ त्या दिवसांत फार महाग होता. तेव्हां हें खातें म्हणजे प्रत्येक विभागाच्या नांवें खर्च मांडण्याचा आधार झालें. येथेंही दोन वह्या होत्या, मॅन-एक्स आणि मॅन-वाय. एक भरली कीं यंत्र दुसरीकडे वळे, आणि भरलेली वही उतरवून घेऊन कोरी करण्याचें काम माणसाकडे असे. हें काम झालें नाहीं आणि दुसरीही भरली, कीं नोंदी कांहीं काळ स्मृतींत सांचत. आणि तेथेंही जागा संपली कीं पुढील नोंदी हरवत. ह्या खात्यांत दोष सांपडतो तो बहुतेक वेळां यंत्राचा नसतोच. वही उतरविण्याचें काम रांगेंत मागें पडलेलें असतें, किंवा उतरवून घ्यावयाची टेप चढविलेली नसते, किंवा कोणीतरी नोंदींचे प्रकार वाढविलेले असतात आणि वह्या जुन्याच मापाच्या राहिलेल्या असतात.

ह्या खात्याच्या कर्त्यांनीं एक गोष्ट मात्र फार विचारानें केली, आणि तिचें मला नेहमी कौतुक वाटतें. नोंदींच्या प्रकारांना क्रमांक आहेत. यंत्र सुरू झाल्याची नोंद शून्य क्रमांकाची, काम संपल्याची पांच क्रमांकाची. त्यांत सात क्रमांकाची नोंद आहे ती हरवलेल्या नोंदींची. वहींत पुन्हा जागा झाली कीं यंत्र प्रथम लिहून ठेवतें कीं अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत माझ्या इतक्या नोंदी गेल्या. काय गेलें तें त्याला सांगतां येत नाहीं. गेलें एवढें तें लपवीत नाहीं. दप्तरांतील पानें वाळवीनें खाल्लीं असतां किती पानें खाल्लीं तें तरी लिहून ठेवणारा कारकून क्वचितच भेटतो.

पुढें ह्याच खात्यांत सुरक्षिततेच्या नोंदी येऊं लागल्या. १९७६ सालीं आलेल्या आर. ए. सी. एफ. ह्या पहारेकऱ्याच्या नोंदी, म्हणजे कोणी कोणत्या कुलपाला हात लावला ह्याची साक्ष, ऐंशी क्रमांकाच्या प्रकारांत लिहिली जाते. १९८५ सालीं अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें संगणकांच्या विश्वासार्हतेचे जे निकष प्रमाण म्हणून ठरविले, त्यांतील वरच्या वर्गांसाठीं अशा नोंदी अनिवार्य होत्या. तेव्हां एक प्रश्न उभा राहिला. वह्या भरल्या, साक्ष लिहावयास जागा नाहीं. अशा वेळीं यंत्रानें काम चालूं ठेवावें कीं थांबावें? प्रणालींत दोन्ही मार्ग खुले ठेवण्यांत आले. एका पर्यायांत यंत्र केवळ संदेश देऊन पुढें चालतें. दुसऱ्यांत तें डी-शून्य-डी ह्या खुणेची प्रतीक्षावस्था धारण करतें. म्हणजे साक्षीदार नाहीं तर व्यवहारही नाहीं. कांहीं न निवडल्यास पहिला पर्याय लागूं होतो.

पुष्कळ ठिकाणीं ही निवड वर्षानुवर्षें कोणी जाणूनबुजून केलेलीच नसते. बँकेचा व्यवस्थापक म्हणेल, हजारों ग्राहकांचे पैसे अडवून वही कसली सांभाळतां? हिशेबतपासनीस म्हणेल, बिनसाक्षीनें झालेला व्यवहार मीं कसा मान्य करावा? दोघांचेंही म्हणणें खोटें नाहीं. ज्या यंत्रावर देशाच्या संरक्षणाचीं गुपितें आहेत तेथें थांबणेंच योग्य. ज्यावर इस्पितळाच्या औषधांचा सांठा आहे तेथें थांबणें घातक. परंतु ही निवड भरल्या वहीपुढें, मध्यरात्रीं, एकट्या चालकावर सोंपविणें हें मला साफ गैर वाटतें.

यंत्राच्या अवयवांच्या दुखण्यांची एक तिसरी वहीही आहे, लॉगरेक नांवाची. तबकडीचा वाचनदोष, स्मृतींतील बिघाड अशा गोष्टी तींत जातात. ती ठराविक मापाची. भरत आली कीं इषारा येतो, भरली कीं नव्या नोंदी जातात. तिच्या आरंभीं एक मथळा असतो व पुढील कोरी जागा कोठें आहे हें त्यांत लिहिलेलें असतें. तो मथळाच नासला तर सबंध वही पुन्हा आंखावी लागते आणि जुन्या नोंदींवर पाणी सोडावें लागतें.

सर्वांत चिवट रोग घड्याळाचा. मुंबईच्या जुन्या रहिवाशांच्या घराण्यांतून अजून एक गोष्ट सांगितली जाते. १९५५ पर्यंत ह्या शहरांत महानगरपालिकेचा मुंबई टाइम एक आणि रेल्वेचा प्रमाणवेळ दुसरा, अशीं दोन घड्याळें नांदत होतीं, आणि दोहोंत ३९ मिनिटांचें अंतर होतें. समजा, पालिकेच्या वहींत आग लागल्याची वेळ एका घड्याळानें लिहिली, आणि रेल्वेच्या वहींत धूर दिसल्याची दुसऱ्यानें. तर आगीच्या आधीं धूर, कीं धुराच्या आधीं आग? अनेक महायंत्रें जोडून एकाच कुटुंबासारखीं चालवावयाचीं म्हटल्यावर हीच अडचण उभी राहिली. १९९० सालीं आय. बी. एम. नें सिसप्लेक्स ही जोडणी आणि तिच्याबरोबर सर्व यंत्रांना एकच वेळ पुरविणारें ९०३७ हें घड्याळ आणलें, तें ह्यासाठींच. ज्या वह्या स्थानिक वेळेनें लिहिल्या जात त्यांची कथा तर आणखी विचित्र. अमेरिकेंत दर शरद् ऋतूंत एका रात्रीं घड्याळें एक तास मागें घेतात. म्हणजे तोच तास दोनदां येतो. आय. एम. एस. ह्या प्रसिद्ध माहितीकोशाची नोंदवही स्थानिक वेळेनें चाले, म्हणून अनेक ठिकाणीं त्या रात्रीं यंत्रावरील तें काम तासभर चक्क बंद ठेवीत! वेळ पुढें गेल्याशिवाय लेखणी उचलावयाची नाहीं.

१९९५ च्या सुमारास एम. व्ही. एस. मध्यें सिस्टिम लॉगर आला आणि निरनिराळ्या यंत्रांच्या नोंदी वेळेच्या क्रमानें एकाच ओघांत गुंफल्या जाऊं लागल्या. ओघ प्रथम सामाईक स्मृतींत, तेथें ठराविक पातळी गांठली कीं तबकडीवर. २००७ सालापासून एस. एम. एफ. चें खातेंही हवें तर ह्याच ओघांत सोडतां येऊं लागलें. रोगांचीं नांवें बदललीं, घराणीं तींच राहिलीं. तबकडीवरील वह्या सर्व यंत्रांनीं मिळून वापरण्याच्या परवानगीनिशीं आंखल्या नसल्या, तर एक यंत्र लिहितें आणि दुसऱ्याला दार बंद! एका ओघाच्या सूचींत प्रथम १६८ वह्यांचीच सोय असते. जुन्या वह्या काढून टाकण्याची मुदत ठरविली नसली कीं सूची भरते. आणि जागा वांचविणारा दुसराच एखादा व्यवस्थापक जुनी वही टेपवर नेऊन ठेवतो, मग लॉगर ती परत येण्याची वाट पाहत बसतो. ह्यांपैकीं एकांतही यंत्राचा बिघाड म्हणतां येईल असें कांहीं नाहीं.

घड्याळाची एक अडचण अद्याप पुढें आहे. सिस्टिम ३७० पासून ह्या यंत्रांचें घड्याळ १ जानेवारी १९०० पासून काळ मोजतें आणि तो ६४ द्विमान अंकांत मांडतें. ते अंक १७ सप्टेंबर २०४२ रोजीं पुरे होतात व मोजणी पुन्हा शून्यावर येते. त्यासाठीं रुंद आंकड्याचें दुसरें घड्याळ यंत्रांत केव्हांच बसविलेलें आहे. तथापि जे जुने कार्यक्रम आंखूड आंकडाच वाचतात, त्यांना हें नवें घड्याळ वाचावयास शिकवावें लागतें, आणि तें काम एकेक कार्यक्रम उघडून पाहूनच करावयाचें असतें.